प्रबंध कोणावर, प्रबंध कोणाचा?

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांवर प्रबंध लिहिले जातात. पण त्याच कुटुंबातली मुलगी संशोधक होऊ शकते का?

आपल्या जालन्यापुरतं पाहू. हा जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. विद्यापीठ १९५८ सालचं; बाबासाहेबांचं नाव त्याला मिळालं ते दीर्घ आंदोलनानंतर, १४ जानेवारी १९९४ रोजी. खुद्द बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले, ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. संशोधनाला बुद्धी लागते, तसं घरभाडंही लागतं!

आज अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या संस्था पीएच.डी.ला अधिछात्रवृत्ती देतात. मात्र या अधिछात्रवृत्तीसाठी विद्यार्थ्यांना अनेकदा उपोषणाला बसावं लागलंय, हेही सांगायला हवं.

लेकीबाळींनी एक नियम जरूर माहीत करून घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.ची कमाल मुदत सहा वर्षं आहे. महिलांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षं मिळू शकतात. शिवाय महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. लग्न ठरलं म्हणून नोंदणी सोडण्याआधी हे घरच्यांनाही ऐकवा.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर २०१८पासून जालन्यातच आहे. प्रयोगशाळा गावाजवळ आली. आता बदनापूर, मंठा, परतूरच्या मुलामुलींचे अर्ज तिथे किती पोहोचतात, हे पाहायचं.