डॉक्टर होण्याआधीचे एक वर्ष

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांचा सत्कार झाला की कोणीतरी चार शब्द बोलायचे असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा ती पाळी आमच्यावर आली. आम्ही ना डॉक्टर, ना प्राध्यापक. बी.कॉम. करून बँकेत लागलो आणि वीस वर्षे खिडकीच्या आत बसून लोकांचे पैसे मोजतो आहोत. तेव्हा आम्ही बोलणार ते हिशोबाचेच बोलणार.

मघाशी नारळ आणि प्रशस्तिपत्र घेताना मुलांना विचारले, पुढे काय व्हायचे? सात-आठ जणांनी सांगितले, डॉक्टर. टाळ्या पडल्या, आम्हीही वाजवल्या. पण वाजवताना डोक्यात आकडे फिरत होते. २०२५ साली २२ लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली. देशभरात एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्या सरकारी, म्हणजे तुम्हाआम्हाला परवडतील अशा, साधारण निम्म्या. आता या निम्म्या जागांवर कोण बसते, हा आजचा प्रश्न आहे.

तमिळनाडू सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ साली अहवाल दिला. त्यातली एक गोष्ट आम्हाला विसरता येत नाही. २०२०-२१ मध्ये त्या राज्यात ज्यांना वैद्यकीय प्रवेश मिळाला, त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मुले नीट पहिल्यांदा देणारी नव्हती. बारावीनंतर वर्ष-दोन वर्षे घरी थांबून, क्लास लावून, पुन्हा परीक्षा देणारी होती. याचा अर्थ साधा आहे. एम.बी.बी.एस. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे आहे हे कागदावर. व्यवहारात त्याच्या आधी एक वर्ष आणखी आहे. ते वर्ष कोट्याला मिळते, भिलाईला मिळते, नागपूरला मिळते. दुकानात मिळते. ज्याच्या बापाच्या खिशात पैसे आहेत तो विकत घेतो.

ज्याच्या खिशात नाहीत त्याचे काय? इथे आमचा धंदा आडवा येतो. प्रवेशाचे पत्र हातात असेल तर बँक शैक्षणिक कर्ज देते. चार लाखांपर्यंत तारण मागत नाही, आणि शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ताही मागत नाही. पण क्लासच्या वर्षाला शैक्षणिक कर्ज नाही. कारण तिथे पदवी नाही, प्रवेश नाही, आमच्या फॉर्ममध्ये त्या वर्षाला रकानाच नाही. जे वर्ष सगळे ठरवते, नेमके त्याच वर्षासाठी बँकेचे दार बंद. मग माणूस शेजारच्या खिडकीवर जातो, सोने तारण ठेवायला.

परक्याचे कशाला सांगायचे, आमच्या घरचेच सांगतो. आमची पुतणी गावच्या सरकारी शाळेत हिंदी माध्यमातून शिकली. बारावीला ८४ टक्के. नीटमध्ये पहिल्या खेपेला फार मागे पडली. वहिनींनी पाटल्या काढून दिल्या. त्या तारण ठेवण्याची पावती आमच्याच शाखेत फाटली. पोरगी नागपूरला खोली घेऊन राहिली. पहिले तीन महिने तिला फळ्यावरचे इंग्रजीच उमगत नव्हते, हे तिने आम्हाला नंतर सांगितले. वर्गात दीडशे मुले, विचारायचे कोणाला? वर्षअखेर गुण दुपटीच्या जवळ गेले, पण जागा थोडक्यात हुकली. दुसऱ्या वर्षाला पाटल्या उरल्या नव्हत्या. आज ती नर्सिंग करते आहे आणि चांगले करते आहे. नर्सिंग कमी, असे आम्ही म्हणत नाही. पण दादा अजूनही विचारतो, पोरगी कमी पडली की आपण? आम्ही हिशोबाची माणसे. आमचे उत्तर असे की पोरगी एका वर्षाने कमी पडली, आणि ते वर्ष आपल्याला परवडले नाही.

आता आपल्या जिल्ह्याचे पाहा. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. तोवर नागपूर ही आपली राजधानी होती. गोंदिया, भंडारा तिकडे गेले, बालाघाट इकडे राहिले. त्याची किंमत आपण भाषेत मोजतो, पण ती शिक्षणातही मोजावी लागते. गोंदियाला २०१६ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आपले रुग्ण तिथे जातात. आपल्या मुलांना मात्र तिथल्या राज्य कोट्यात जागा नाही, कारण त्यांची दहावी-बारावी महाराष्ट्रातली नाही आणि मूल निवासी प्रमाणपत्र मध्यप्रदेशाचे आहे. उरतो तो १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा. आपल्या मुलांची वाट जबलपूरला, छिंदवाड्याला आणि २०२४ साली सुरू झालेल्या सिवनीला जाते.

या वाटेवर सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे होईल. मेधावी विद्यार्थी योजना २०१७ पासून आहे, ती पात्र मुलांची फी भरते. आदिवासी मुलांसाठी आकांक्षा योजनेत जबलपूरसह मोठ्या शहरांत मोफत शिकवणी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये एम.बी.बी.एस.ची हिंदी पुस्तके भोपाळला प्रकाशित झाली. आणि २०२३ पासून सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी ५ टक्के जागा राखीव झाल्या. तमिळनाडूने हेच २०२० मध्ये साडेसात टक्क्यांनी केले आणि पहिल्याच वर्षी तीनशेहून अधिक सरकारी शाळांतील मुलांना जागा मिळाल्या.

पण आपल्याकडे पहिल्याच वर्षी काय झाले? सरकारी शाळेच्या कोट्यातल्या खुल्या वर्गाच्या बऱ्याचशा जागा भरल्याच नाहीत आणि सर्वसाधारण यादीत वळवल्या गेल्या. इकडे सरकारी शाळेतलीच मागासवर्गीय मुले त्याहून अधिक गुण घेऊन बाहेर उभी होती. त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की गुणवत्तेवर त्या जागा या मुलांना मिळायला हव्या होत्या. न्याय मिळाला, पण मुलांचे एक वर्ष गेले.

यातून आम्ही दोन धडे घेतो. पहिला, कायदा केला म्हणजे संपले नाही, अंमलबजावणीवर डोळा ठेवावा लागतो. दुसरा अधिक महत्त्वाचा. राखीव जागा हे दार आहे, पण दाराशी पोहोचायला पायरी लागते. बैहरच्या जंगलातल्या गावातून येणाऱ्या बैगा मुलाला, लांजीच्या धान पिकवणाऱ्याच्या मुलीला, मलाजखंडच्या खाणीतल्या ठेका मजुराच्या पोराला ही पायरी कोणी बांधून द्यायची?

ही कल्पना हवेतली नाही. आपल्याच देशात आय.आय.टी. ती अनेक वर्षे राबवत आहे. अनुसूचित जाती-जमातींची आणि दिव्यांग मुले थोड्या गुणांनी मागे राहिली आणि जागा रिकाम्या असल्या, तर त्यांना एक वर्षाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमात घेतात. भौतिक, रसायन, गणित, इंग्रजी शिकवतात. ते वर्ष पास झाले की पुन्हा प्रवेश परीक्षा न देता जागा पक्की. इंग्लंडमध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने २००१ साली आणि साउथॅम्प्टनच्या विद्यापीठाने २००२ साली साध्या सरकारी शाळांतील आणि गरीब घरांतील मुलांसाठी सहा वर्षांचा डॉक्टरी अभ्यासक्रम काढला. प्रवेशाला गुणांची अट कमी, सुरुवातीला एक वर्ष जास्त, शिवाय जादा शिकवणी. पुढचे वर्ग आणि शेवटच्या परीक्षा मात्र सर्वांबरोबर, सारख्याच.

आपल्या वैद्यकीय शिक्षणातही २०१९ साली फाउंडेशन कोर्स आला. पण तो तेव्हा एका महिन्याचा होता, आणि ज्यांना आधीच प्रवेश मिळाला त्यांच्यासाठी. सेवाग्रामला १९६९ साली निघालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नव्या मुलांना सुरुवातीचे पंधरा दिवस आश्रमात ठेवतात, गाव समजावे म्हणून. शहरातल्या मुलाला गाव समजण्यासाठी तयारी लागते हे आपण मान्य केले. मग गावातल्या मुलाला त्या वर्गापर्यंत पोहोचण्यासाठी तयारी लागते, हे मान्य करायला काय हरकत आहे?

कोणी म्हणेल, जिवाशी खेळ आहे, दर्जा खाली येईल. ही शंका खोटी नाही. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील किमान गुणांचा प्रश्न आपल्याच राज्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९९९ साली घटनापीठाने सांगितले की खुल्या आणि राखीव वर्गाच्या किमान गुणांतले अंतर फार मोठे नको. आम्ही म्हणतो, मान्य. नुसते गुण खाली आणू नका. मूल वर आणा. पायाभूत वर्ष म्हणजे गुणांत सूट नव्हे, वेळेत सूट. बँक कर्जदाराला शिक्षण संपेपर्यंत थांबते, पण म्हणून मुद्दल सोडत नाही. तसेच हे.

म्हणून मंडळाने आज ठराव करावा अशी आमची विनंती आहे. सिवनी किंवा जबलपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडून सरकारी शाळांच्या मुलांसाठी एक वर्षाचा निवासी, मोफत पूर्वतयारी वर्ग सुरू व्हावा. नीटमध्ये पात्र ठरली पण जागेपर्यंत पोहोचली नाहीत अशी मुले त्यात घ्यावीत. वर्षअखेरची परीक्षा पास होणाऱ्यांना ५ टक्के कोट्यातल्या न भरलेल्या जागा आधी द्याव्यात. यासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम बदलावे लागतील. म्हणून हे निवेदन आमदारांना द्यावे तसेच खासदारांनाही द्यावे. आणि पुढच्या निवडणुकीत मत मागायला जो येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला रस्ता, नाली विचारतो तसे हेही विचारावे.

सरकार करील तेव्हा करील. तोवर आपल्या हाती काय आहे? पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांनी २०१५ पासून गरीब आणि आदिवासी मुलांना नीटसाठी मोफत शिकवायला सुरुवात केली. ते विद्यार्थी होते, श्रीमंत नव्हते. आपल्याकडे हे सभागृह संध्याकाळी रिकामे असते. निवृत्त विज्ञान शिक्षक आहेत. डॉक्टर झालेली आपली मुले सुटीत घरी येतात. रोज दोन तास इथे दिवा लागू द्या. ही अभ्यासिका फक्त मराठी घरांतल्या मुलांसाठी नको, बैगा, गोंड, पोवार, ज्याला बसायचे त्याला बसू द्या. कागदपत्रांचे काम आम्ही बँकेतली माणसे करू. मूल निवासी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सरकारी शाळेचे प्रमाणपत्र, हे कागद ऐन काउन्सेलिंगच्या दिवशी शोधायची वेळ कोणावर येऊ नये.

शेवटी ज्या मुलांनी मघाशी डॉक्टर म्हटले त्यांना सांगतो. पहिल्या खेपेला नाही जमले तर स्वतःला ढ समजू नका. तुमच्यात आणि कोट्याहून परत आलेल्या मुलात अनेकदा फक्त एका वर्षाचे अंतर असते. ते वर्ष तुमच्या आईच्या हातातल्या पाटल्यांवर अवलंबून राहू नये, एवढीच आमची मागणी आहे.