तेरा पॉइंट आठ व्होल्ट
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी सांगितलं होतं की, पोटापाण्याचा धंदा सोडून दुसऱ्या कशावर तरी दहा मिनिटं बोला. माझा धंदा सॉफ्टवेअरचा. त्यावर बोलले असते तर मागची रांग जेवणाच्या मांडवात गेली असती. म्हणून छंदावर बोलते. मी परवानाधारक हौशी रेडिओचालक आहे. इंग्रजीत आम्हाला हॅम म्हणतात. परीक्षा द्यावी लागते, केंद्र सरकार परवाना देतं आणि प्रत्येकाला एक कॉल साइन मिळते. राजीव गांधींनाही होती, व्हीयू टू आरजी. मोबाइल, इंटरनेट, टॉवर यातलं काहीही मध्ये न घेता माझा आवाज अँटेनावरून निघतो आणि हैदराबादला, जबलपूरला, नशीब चांगलं असलं तर समुद्रापार पोचतो.

पण आज मी रेडिओवर बोलणार नाही. रेडिओच्या शेजारी ठेवलेल्या बारा किलोच्या लोखंडी डब्यावर बोलणार आहे. तो म्हणजे माझा लिनियर पॉवर सप्लाय. पाहुणे आले की रेडिओचं कौतुक होतं. या डब्याकडे कोणी बघतही नाही. पण त्याच्याशिवाय रेडिओ म्हणजे नुसता खोका.

माझ्या 100 वॅटच्या सेटला 13.8 व्होल्ट डीसी लागतो. ऐकताना तो साधारण एक अँपिअर घेतो, बोलताना वीसच्या पुढे जातो. 230 व्होल्टच्या एसीपासून ते बनवायच्या दोन पद्धती आहेत. एक एसएमपीएस, जो तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आणि मोबाइलच्या चार्जरमध्ये असतो. हलका, स्वस्त, कमी तापणारा. दुसरा लिनियर, जुन्या पद्धतीचा. त्यात आपल्याला नववी-दहावीत शिकवलेलंच सगळं आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, चार डायोड एसीचा डीसी करतात, मोठे कपॅसिटर त्यातली चढउतार कमी करतात आणि शेवटी पंख्यासारख्या पात्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर बसवलेले टू-एन-3055 जातीचे ट्रान्झिस्टर जादा व्होल्टेज स्वतःवर झेलून पुढे बरोबर 13.8 सोडतात.

मग जड, तापणारा लिनियर का ठेवायचा? कारण तो गप्प असतो. एसएमपीएस आतल्या आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. त्याचं फिल्टर नीट नसलं की ती खरखर रेडिओत शिरते आणि लांबचा बारीक आवाज तिच्याखाली गाडला जातो. चांगल्या बनावटीचा एसएमपीएसही शांत असतो, हे प्रामाणिकपणे सांगते. पण बाजारात मिळणारा प्रत्येक तसा नसतो. मुरुडच्या घरी मी एक गंमत रोज अनुभवते. लाईट गेली की गल्लीतले एलईडी, चार्जर, सेट-टॉप बॉक्स सगळे बंद पडतात आणि रेडिओ इतका स्वच्छ होतो की काय सांगू! सगळं गाव लाईटची वाट बघतं आणि मी मनात म्हणते, अजून दहा मिनिटं येऊ नये.

आता या डब्याची दुखणी सांगते, कारण वापरणाऱ्याचा अनुभव म्हणजे शेवटी दुखण्यांचीच यादी.

पहिलं दुखणं आपल्या लाईनचं. पुण्यात तो वर्षभर बिनतक्रार चालला. मुरुडला आणला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडचा म्हणाला, "ताई, तुमच्या आवाजाखाली भुंगा घोंगावतोय." मीटर लावला. शिवारातल्या मोटारी चालू होत्या आणि घरात 178 व्होल्ट होतं. हिशोब सोपा आहे. 230 वर पूर्ण करंट घेताना कपॅसिटरवर साधारण 20 व्होल्ट असतात. 178 ला ते साडेपंधरावर येतात, त्यातही सेकंदाला शंभर वेळा दोन-अडीच व्होल्टचा खड्डा पडतो. खड्ड्याच्या तळाशी 13.8 उरतच नाहीत, मग ट्रान्झिस्टरने द्यायचं कुठून? तोच शंभर हर्ट्झचा भुंगा. डबा बिघडलेला नव्हता, डीपीवर बोजा होता. उपाय फुकटातला निघाला. सेट 100 ऐवजी 50 वॅटवर आणला. करंट बराच कमी झाला, खड्डा उथळ झाला, भुंगा गेला. ऐकणाऱ्याला निम्म्या पॉवरचा फरक जेमतेम कळतो.

दुसरं दुखणं उलट. रात्री मोटारी बंद होतात आणि व्होल्टेज अडीचशेच्या वर चढतं. आता जादा व्होल्टेज ट्रान्झिस्टरना झेलावं लागतं. 230 वरसुद्धा रेडिओला 276 वॅट पोचवताना 120 वॅटची नुसती उष्णता होते. व्होल्टेज चढलं की ती दीडशेच्या पुढे जाते. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत हा हिशोब हाताला कळतो. म्हणून डबा भिंतीला चिकटवून ठेवायचा नाही, त्यावर कापड टाकायचं नाही आणि दोन-तीन वर्षांनी ट्रान्झिस्टरखालची वाळलेली पेस्ट बदलायची.

तिसरं दुखणं सर्वांत महत्त्वाचं. असा ट्रान्झिस्टर जळतो तेव्हा बहुतेक वेळा आतून शॉर्ट होऊन जळतो. म्हणजे दार बंद होत नाही, सताड उघडतं, आणि कपॅसिटरवरचे वीसच्या पुढचे सगळे व्होल्ट थेट रेडिओत. डबा काही हजारांचा, रेडिओ त्याच्या कितीतरी पट. यासाठी चांगल्या सप्लायमध्ये क्रोबार नावाचं सर्किट असतं. क्रोबार म्हणजे पहार. व्होल्टेज पंधरा-सोळाच्या वर गेलं की ते दोन्ही टोकांवर पहार टाकल्यासारखा शॉर्ट करतं, फ्यूज उडतो आणि रेडिओ वाचतो. एका दुकानातून आणलेल्या सप्लायच्या माहितीपत्रकात हे सर्किट छापलेलं होतं. डबा उघडला तर पाटीवर त्याची जागा होती, भाग बसवलेलेच नव्हते. दुकानाचं नाव घेत नाही. ते भाग मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणून बसवले. तेव्हापासून माझा नियम आहे की, नवा असो वा जुना, सप्लाय रेडिओला जोडण्याआधी उघडून बघायचा. आणि मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब लावून, बोजाखाली व्होल्टेज मोजायचं.

एवढी दुखणी असूनही मी याला का सोडत नाही? कारण त्यातलं प्रत्येक दुखणं मला दिसतं आणि आपल्याकडे दुरुस्त होतं. एसएमपीएसची पाटी जळली की बहुधा नवी घ्यावी लागते. याचा ट्रान्सफॉर्मर जळाला तर आपल्या भागात मोटार रिवाइंडिंग करणारे मिस्त्री आहेत. वेढे मोजून ते तो नव्याने भरून देतात.

आता मूळ मुद्द्यावर येते.

30 सप्टेंबर 1993. आपण आठवीत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. मुरुड वाचलं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं गेली. सुमारे दहा हजार माणसं गेली. आपण किती रात्री अंगणात झोपलो, हे इथे प्रत्येकाला आठवतं. बातमी अफवांच्या पायांनी यायची. कोणाचे पाहुणे जिवंत आहेत, कोणत्या गावाला काय हवंय, हे कळायला मार्ग नव्हता. त्या दिवसांत हौशी रेडिओचालक आपापले सेट घेऊन भूकंपग्रस्त भागात आले होते आणि निरोप पोचवत होते. 2001 ला भूजच्या भूकंपातही त्यांनी तेच केलं. मला हे फार उशिरा, परीक्षेचा अभ्यास करताना कळलं.

तुम्ही म्हणाल, आता मोबाइल आहेत. आहेत. पण टॉवरलाही वीज लागते. त्याची बॅटरी काही तास चालते, नंतर डिझेल पोचलं तर ठीक.

इथे माझ्या लाडक्या डब्याबद्दल एक कडू गोष्ट सांगायला हवी. भूकंप झाला की सर्वांत आधी लाईट जाते आणि त्या क्षणी हा बारा किलोचा डबा नुसता दगड. कितीही चांगला सप्लाय घ्या, संकटात तो रेडिओ चालवत नाही. संकटात बॅटरी चालवते. सप्लायचं खरं काम आधीच्या हजार दिवसांचं आहे, बॅटरी भरलेली ठेवण्याचं. गंमत म्हणजे बारा व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी कायम भरलेली ठेवायला लागणारं व्होल्टेजही 13.8 च्या आसपासच असतं. मध्ये एक जाड डायोड आणि फ्यूज टाकायचा, डायोड जेवढं खातो तेवढं सप्लायचं व्होल्टेज वाढवून ठेवायचं. लाईट गेली की काही दाबावं लागत नाही, रेडिओ आपोआप बॅटरीवर. 50 वॅटचा सेट आणि 100 अँपिअर-अवरची बॅटरी. तीन भाग ऐकणं, एक भाग बोलणं धरलं आणि बॅटरी निम्मीच वापरली, तरी पंधरा तास निघतात.

म्हणून माझी एक विनंती आहे. शाळेसाठी निधी जमवायचं आज ठरतंय. डिजिटल फळा घ्या, माझी वर्गणी त्यातही आहे. पण एका कोपऱ्यात रेडिओ केंद्र होऊ द्या. शाळांना क्लब स्टेशनचा परवाना मिळतो. बारा वर्षं पूर्ण झालेला विद्यार्थी परीक्षेला बसू शकतो आणि पहिल्या पायरीच्या, 50 वॅटपर्यंतच्या परवान्याला मोर्सही लागत नाही. सेट, सप्लाय आणि अँटेनाची तार मी देते. बॅटरी बॅचने घ्यावी.

सर, तुमची शंका मला माहीत आहे. शाळेला मिळालेल्या वस्तू कपाटात जातात आणि किल्ली हरवते. म्हणून वस्तूंबरोबर एक वहीही देते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आठवीच्या दोन मुलांनी मेन स्विच बंद करायचा, बॅटरीवर अर्धा तास सेट चालवायचा, व्होल्टेज लिहायचं, बॅटरीचं पाणी बघायचं आणि खाली सही करायची. पलीकडून उत्तर द्यायला त्या दिवशी मी पुण्यात सेटवर असेन. ज्या महिन्यात आवाज येणार नाही, त्या रविवारी मी मुरुडला येईन. पहिलं वर्ष एवढी जबाबदारी माझी. पुढच्या वर्षासाठी मला आज या मांडवातून मुरुडला राहणारी दोन नावं हवी आहेत. रेडिओतलं काही येत नसलं तरी चालेल, मीटर वाचता आला पाहिजे.

नावं लिहून घ्यायला मी जेवणाच्या रांगेपाशी उभी आहे.