पडद्यावरचा वायट अर्प
२६ ऑक्टोबर १८८१. अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावी कायद्याच्या बाजूचा वायट अर्प, त्याचे दोन भाऊ आणि मित्र डॉक हॉलिडे यांची क्लँटन-मॅक्लॉरी या गुराख्यांच्या गटाशी चकमक झाली. जेमतेम अर्धा मिनिट गोळीबार, तिघे ठार. जॉन फोर्डनं १९४६ साली यावर ‘माय डार्लिंग क्लेमेंटाईन’ काढला. त्यात डॉक चकमकीतच मरतो. प्रत्यक्षात तो १८८७मध्ये क्षयानं गेला. इतिहास म्हणून चित्रपट कच्चाच. पण ओसरीत खुर्ची मागे कलवून, समोरच्या खांबावर आळीपाळीनं पाय टेकवत तोल सांभाळणारा, वायट झालेला हेन्री फोंडा पाहा! पिस्तुलाला हातही न लावता हा माणूस किती निर्धास्त आहे, ते कळतं. मला गोळीबारापेक्षा हेच दृश्य मोठं वाटतं. संधी मिळाली, तर चित्रपट जरूर पाहा.