फाटकापाशी थांबलेल्या वेळेचे पैसे कोण देणार?

मी डिप्लोमा केलेला साईट सुपरवायझर. त्यामुळे बोलणार ते रस्ता, रूळ आणि मजुरी, एवढ्यावरच.

सिएटलमध्ये बंदराला लागून सोडो नावाचा औद्योगिक भाग आहे. गोदामं, वर्कशॉप, दिवसभर कंटेनरचे ट्रक. 2009 पासून तिथून लाईट रेल धावते आणि हॉलगेट व लँडर हे दोन रस्ते जमिनीवरूनच ओलांडते, फाटक टाकून. (वरची तार 1500 व्होल्ट डीसीची, आपल्या मुंबई लोकलला पूर्वी होती तीच.) लँडरवर 2020 साली पूल झाला खरा, पण तो मालगाड्यांच्या रुळांवरून. लाईट रेलचं फाटक पुढे तसंच राहिलं. आता वेस्ट सिएटलची नवी लाईन याच भागातून जाणार. ऑक्टोबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात लँडरचा रस्ता लाईट रेलवरून नेणारा पूल धरलाय.

उत्तमच. पण पूल होईपर्यंत काय? काम सुरू झालं की रस्ते वळवावे लागतात. नकाशावर पर्यायी मार्गाचा बाण काढणं सोपं असतं. 40 फुटी कंटेनर वळताना मागची चाकं आतून कापत जातात. कोपऱ्यावर एक खांब आला की ट्रक अडकलाच. मग लांबचा फेरा, नाहीतर रांग.

आणि बंदरावरच्या बऱ्याच ड्रायव्हरांना पैसे तासावर नाही, खेपेवर मिळतात. 2012 मध्ये सिएटलच्या ड्रायव्हरांनी सुमारे दोन आठवडे काम बंद ठेवलं होतं. त्यात पूर्व आफ्रिकेतून आलेले पुष्कळ जण होते, आणि बिनपैशाचं थांबणं ही त्यांची एक तक्रार होती. शिवाय सुटीनंतर कामाला लागलात की 14 तासांनंतर ट्रक चालवता येत नाही. फाटकापाशी गेलेला वेळ त्यातूनच वजा होतो.

तुम्ही कंपनीचे नोकर असाल, तर कामावर असताना असं अडकून बसणं संघीय कायद्याने कामाच्या तासांतच धरतात. ‘इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर’ असाल तर नाही. पण नुसत्या सहीने कुणी कॉन्ट्रॅक्टर होत नाही बरं का, काम प्रत्यक्षात कुणाच्या हुकमाने चालतं ते बघतात.

मी लाईट रेलच्या विरोधात नाही. गाडी नसलेला गोदाम कामगार तिच्यावरच कामाला येतो. माझं म्हणणं इतकंच, की या सभांना बंदर येतं, कंपन्या येतात, रेल्वेवाले येतात. ड्रायव्हर तेव्हा स्टिअरिंगवर असतो.

म्हणून तुमच्या शहरात असं काम निघालं तर एक वही ठेवा. तारीख, रस्ता, किती मिनिटं थांबलो. लेखी सूचनांची मुदत असते, त्यात ही पानं जोडा. विचारा, की वळवलेल्या रस्त्यावर लांब ट्रक वळवून पाहिलाय का, आणि रस्ता बंद ठेवायचे तास शिफ्ट बघून ठरवलेत का? इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषी मागा. संघीय पैसा घेणाऱ्या संस्थेवर 1964 च्या नागरी हक्क कायद्याने ती जबाबदारी येते. फक्त सभेच्या काही दिवस आधी कळवा, ऐनवेळी मराठी दुभाषी मिळणं अवघड.