यूपीएसचे कार्ड आणि आपली एक सवय

मध्य प्रदेशाच्या विजेचा कारभार याच जबलपूर शहरातून चालतो. रामपूरला शक्ती भवन, नयागावला राज्य भार प्रेषण केंद्र. तुमच्यापैकी अनेकांची उभी हयात पॅनलांसमोर गेली आहे. म्हणून आज एका कामाविषयी बोलतो, जे आपण सगळेच उद्यावर ढकलतो: यूपीएस दुरून हाताळण्याच्या नेटवर्क कार्डावर सर्टिफिकेट बसवणे.

२३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधल्या तीन वितरण कंपन्यांवर सायबरहल्ला झाला आणि सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली. दुरून ब्रेकर उघडले गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण हल्लेखोर यूपीएसच्या रिमोट व्यवस्थापनातही शिरले होते आणि यूपीएस ठरल्या वेळी बंद पडतील अशी तजवीज त्यांनी करून ठेवली होती. वीज परत आणणाऱ्यांच्याच उपकरणांची वीज तोडायची, असा तो डाव होता. तिथले पासवर्ड सर्टिफिकेटअभावी गेले नव्हते. पासवर्ड परक्या हाती लागला की यूपीएसचे काय होते, ते मात्र तिथे दिसले.

आता आपल्याकडे पाहा. कारखान्यातून आलेल्या कार्डावर बहुधा त्याने स्वतःच स्वतःला दिलेले सर्टिफिकेट असते. कार्डाचे पान उघडताच ब्राउझर इशारा देतो. आपण ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबतो, तरीही पुढे जातो आणि पासवर्ड टाकतो. जोडणी कूटबद्ध असते, पण पलीकडे आपलेच कार्ड आहे याची खात्री नसते. मधे कुणी भलतेच यंत्र बसवले, तरी दिसतो तो हाच इशारा, आणि बोट त्याच बटणावर जाते. मला ही सवय जुन्या फर्मवेअरपेक्षाही घातक वाटते.

उपाय आपल्या हातात आहे. उपकेंद्रातले आयपी पत्ते खासगी असतात, त्यांना सार्वजनिक संस्था सर्टिफिकेट देत नाहीत. तेव्हा कंपनीने स्वतःचे प्रमाणन केंद्र उभारावे. त्याची मूळ किल्ली नेटवर्कपासून तोडलेल्या संगणकावर, कुलपात. शक्य तिथे किल्लीची जोडी कार्डावरच तयार करावी आणि बाहेर फक्त सहीची विनंती काढावी. अनेक जुनी कार्डे हे करू देत नाहीत. तिथे किल्ली संगणकावर बनवून, कार्डात चढवून, मूळ प्रत पुसावी. उपकरणाचे नाव आणि पत्ता पर्यायी नावांच्या रकान्यात लिहायला विसरू नका. नुसते कॉमन नेम आजचे ब्राउझर मानत नाहीत. केंद्राचे मूळ सर्टिफिकेट ऑपरेटरच्या संगणकात घालावे. त्या संगणकाचे घड्याळही बरोबर हवे. ते मागे पडले तर नुकतेच दिलेले सर्टिफिकेटसुद्धा अमान्य ठरते.

मुदतीविषयी माझे मत ठाम आहे. मार्च २०२९ पासून सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे. आपल्या अंतर्गत सर्टिफिकेटांना तो नियम नाही, म्हणून दहा वर्षांची मुदत टाकून मोकळे होणे मला पटत नाही. तोवर बसवणारा निवृत्त झालेला असतो आणि त्याची वही कुणालाच सापडत नाही.

अभियंत्यांच्या या परिषदेपुढे अध्यक्ष म्हणून माझा ठराव असा: कमिशनिंगच्या नमुन्यात, बॅटरी बॅकअपच्या ओळीखाली तीन रकाने वाढवावेत: सर्टिफिकेटचा क्रमांक, मुदत, आणि नूतनीकरण कोणत्या पदाकडे. ते रिकामे असतील तर ठेकेदाराचे बिल पास होऊ नये.