इलेक्ट्रॉनचा झोका

घरचा मायक्रोवेव्ह भात गरम करतो. तशाच लहरींनी हायड्रोजन 8 कोटी अंशांवर नेता येतो, माहितीये?

3 फेब्रुवारी 2016, जर्मनीतलं ग्राइफ्सवाल्ड. चान्सलर अँगेला मर्केल यांनी बटण दाबलं आणि व्हेंडेलश्टाइन 7-एक्स या फ्यूजन यंत्रात 2 मेगावॅटच्या मायक्रोवेव्हनी पाव सेकंद तेवढा तापलेला प्लाझ्मा तयार झाला.

कसा? चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गिरक्या घेतात, 2.5 टेस्लाला सेकंदाला साधारण 70 अब्ज. लहर बरोबर दुप्पट, 140 गिगाहर्ट्झची. झोपाळ्याला दोन्ही टोकांना वेळेवर धक्का दिला की झोका चढतो ना, तसंच! ताल चुकला, तर ऊर्जा प्लाझ्मात न मुरता भिंतीवर आदळते. आणि क्षेत्र जागोजागी वेगळं असल्यामुळे ताल ठरावीक जागीच जुळतो. म्हणून नेम धरून तापवता येतं.

भेटू पुढच्या भागात!