युद्ध परक्याचें, शेत आमचें

(हेंद्रेपाडा, बदलापूर येथील सभेंत झालेलें भाषण)



आजचा विषय लढाईच्या खर्चाचा आहे. हा दिल्लीचा विषय, आपल्या कामाचा नाहीं, असें कोणीं समजूं नये. लढाई कोठेंहि होवो, तिचा खर्च अखेर कष्टकऱ्याच्या पदरांतूनच जातो. पुरावा शोधावयास लांब जावयास नको. येथून काटई रस्त्याला लागा, नेवाळी नाका येईल. तेथें दुसऱ्या महायुद्धांत इंग्रजांनीं विमानांसाठीं धांवपट्टी केली. जमीन कोणाची? नेवाळी, भाल, द्वारली या बाजूच्या शेतकऱ्यांची. सुमारें सोळाशें एकर गेली. लढाई इंग्लंड, जर्मनी आणि जपानची. भात मात्र आमचें बुडालें.

लढाई १९४५ सालीं संपली, इंग्रज १९४७ सालीं गेला, पण जमीन परत आली नाहीं. लढाई सरली कीं जमीन परत देऊं असें आमच्या वाडवडिलांना सांगितलें होतें, असें शेतकरी म्हणतात. जमीन रीतसर घेतलेली व संरक्षण खात्याची आहे, असें सरकार म्हणतें. २०१७ सालीं नौदलाची कुंपणभिंत उठूं लागली, तेव्हां २२ जून रोजीं शेतकरी रस्त्यावर आले. गाड्या जळाल्या, पोलीस जखमी झाले, शेतकऱ्यांना छर्रे लागले. जाळपोळीची तरफदारी मी करणार नाहीं. तिनें आपलाच दावा दुबळा होतो आणि पोरें कोर्टाच्या खेपा घालीत बसतात. पण सत्तर वर्षें ज्या प्रश्नाला कोणीं समाधानाचें उत्तर दिलें नाहीं, त्याचा जाब कोणाला विचारावयाचा?

शेजारचें उल्हासनगर पाहा. तेंहि त्याच युद्धांतली लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथें सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला, हें योग्यच झालें. छावणी माणसांच्या कामीं आली. मग धांवपट्टीखालची जमीन तिच्या धन्याच्या कामीं कां येऊं नये?

हा रोग जुना आहे. १८६७ सालीं ॲबिसीनियावर मुंबईहून फौज गेली. काम इंग्लंडचें, पण हिंदी शिपायांचा नेहमींचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरींतून गेला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खनची रयत अन्नावांचून मेली. पुढच्या दुष्काळाची तरतूद म्हणून सरकारनें नवे कर बसविले व दरसाल दीड कोटी रुपये बाजूला ठेवण्याचें वचन दिलें. आणि १८७८ सालींच अफगाणिस्थानावर स्वारी काढली. दुष्काळाचा पैसा लढाईनें खाल्ला, अशी ओरड तेव्हांच झाली. पहिल्या महायुद्धांत आमचे मराठे शिपाई मेसोपोटेमियांत कूतच्या वेढ्यांत उपासमार सोशीत राहिले. त्याच युद्धासाठीं १९१७ सालीं दहा कोटी पौंड, म्हणजे त्या वेळचे दीडशें कोटी रुपये, हिंदुस्थानची देणगी म्हणून इंग्लंडला गेले. ज्याच्या घामाची ही देणगी, त्या रयतेला कोणीं विचारलें होतें?

दुसऱ्या युद्धांत तर इंग्लंडनें माल उधारीवर उचलला आणि त्या उधारीवर येथें नोटा छापल्या. चलन सहा पटींहून अधिक वाढलें, महागाई भडकली, आणि १९४३ सालीं बंगालमध्यें लाखों माणसें भुकेनें मेलीं. युद्ध संपलें तेव्हां इंग्लंडकडे आपलें १३० कोटी पौंडांच्या आसपास येणें होतें. उपाशी देश सावकार ठरला आणि त्याचें ऋणको साम्राज्य! असा हिशेब जगांत दुसरा नसेल.

आतां राज्य आपलें आहे. सरहद्द राखली पाहिजे, यांत वाद नाहीं. सैन्यांत आपलींच मुलें आहेत. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीनें आपल्यापैकीं कित्येकांच्या चुली पेटविल्या आहेत. माझें भांडण शिपायाशीं नाहीं आणि कामगाराशींहि नाहीं. माझें भांडण न विचारतां खर्च करण्याशीं आहे. १९८७ ते १९९० या काळांत आपली फौज श्रीलंकेंत लढली. अकराशेंहून अधिक जवान परतले नाहींत. काय साधलें, याचें उत्तर त्यांच्या घरच्यांना कोणीं दिलें? २०२१ सालीं दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या, आणि त्याच सालीं या कामगारांच्या संपावर बंदी घालण्याचा कायदा आला. ज्यानें तोफ घडविली, त्यालाहि तोंड उघडण्याची चोरी!

२०२५-२६ च्या अंदाजपत्रकांत संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवले. आरोग्य खात्याला लाख कोटींच्या आंत. पहिल्या रकमेंत जवानांचें निवृत्तिवेतनहि आहे, तें त्यांना मिळालेंच पाहिजे. पण बाकीच्या पैशांतून काय घेतलें, कोणाकडून घेतलें, किती भावानें घेतलें, हें विचारणें म्हणजे देशद्रोह नव्हे. घरांत कोयता आणला तरी बायको भाव विचारते.

तेव्हां माझें मागणें साधें आहे. नेवाळीच्या जमिनीचे सारे कागद सरकारनें गांवासमोर उघडावे. लष्कराला खरोखर लागते ती जमीन आजच्या भावानें मोबदला देऊन ठेवावी. न लागणारी परत करावी. आणि आपणहि हात जोडून बसूं नये. सातबारा काढा, जुने फेरफार काढा, मुलामुलींकडून मोठ्यानें वाचून घ्या. ज्याला कागद वाचतां येत नाहीं, त्याचें शेत दुसराच वाचतो. मत मागावयास जो दारीं येईल, त्याला आधीं नेवाळीचें विचारा, मग पाणी द्या.